मिठाची बरणी आणि घरांतील हवा

आषाढ लागला कीं आमच्या स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी बोलूं लागते. ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत जें मीठ चिमटींतून भुरभुरत असतें, तें एके सकाळीं बरणीच्या कडांना चिकटून बसतें, आणि "आतां पापडाचा डबा उघडा टाकूं नका, रे," असा मातोश्रींचा हुकूम सुटतो. हा हुकूम मी लहानपणापासून ऐकत आलों आहें. परंतु त्या ओल्या मिठाचा आणि घरांतील माणसांच्या प्रकृतीचा कांहीं संबंध असेल, अशी शंका साठी उलटेपर्यंत माझ्या मनांत आली नव्हती. ती गेल्या पावसाळ्यांत आली, आणि तीही एका लहान मुलीच्या खोकल्यामुळें. त्या चार महिन्यांत आम्हीं जें शिकलों, तें इतर कुटुंबांसही उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडीत आहें.

आमचें घर ठाण्यास, जुनें आणि दुमजली. घरांत मातोश्री, आम्ही दोघे बंधु, आमच्या पत्नी, मुलगा, सूनबाई, पुतण्या आणि माझी सहा वर्षांची नात असे नऊ जण राहतों. नातीला दम्याची प्रवृत्ति आहे. पावसाळा सुरू झाला कीं तिला रात्रीं दोन-तीनच्या सुमारास ढांस लागे, आणि तिची आई तिला मांडीवर बसवून उजाडेपर्यंत जागी राही. डॉक्टरांनीं औषध व श्वासावाटे घ्यावयाचा फवारा दिला होताच, पण "मुलीच्या खोलींत ओल आहे काय?" असाही प्रश्न त्यांनीं विचारला. त्या प्रश्नावरून घरांत दोन पक्ष पडले. मातोश्रींचें म्हणणें असें कीं, पावसाची हवा आंत येते म्हणूनच पोर खोकते, तरी खिडक्या गच्च लावून घ्याव्या. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, बंद खोलीला कुबट वास येतो, तरी खिडक्या उघड्या असाव्या. सूनबाई खिडकी उघडीत, आणि घटकाभरानें मातोश्री ती लावून घेत. दोघींपैकीं कोणीही आवाज चढविला नाहीं; पण एका खिडकीवरून घर किती अवघडून जातें, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नकोच.

या वादाचा निकाल लावण्यासाठीं माझ्या पुतण्यानें बाजारांतून तीनचारशें रुपयांचा एक लहानसा आर्द्रतामापक आणला आणि नातीच्या खोलींत ठेवला. त्यानें आंकडा दाखविला ८४. हा ८४ म्हणजे काय, तें प्रथम पाहूं.

हवेंत पाण्याची वाफ अदृश्य रूपानें नेहमींच असते. ती किती मावेल हें उष्णतेवर अवलंबून असतें. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें राहूं शकतें. ३० अंशांवर तेंच प्रमाण ३० ग्रॅमपर्यंत जातें. हवेंत जितकी वाफ मावूं शकते, तिच्या शेंकडा किती भाग प्रत्यक्षांत आहे, हें सांगणारा आंकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ८४ याचा अर्थ, खोलींतील हवेचें पात्र शंभरापैकीं ८४ भाग भरलेलें होतें. अशी हवा ओला कपडा वाळवूं शकत नाहीं, अंगावरचा घाम सुकवूं शकत नाहीं, आणि थोडीशी गार झाली कीं आपल्याजवळचें पाणी भिंतीवर व कपाटांत सोडून देते.

मनुष्यास साधारणतः शेंकडा ४० ते ६० ही मर्यादा मानवते. ती वर ओलांडली तर दोन शत्रु बळावतात. पहिला शत्रु बुरशी. पृष्ठभागालगतची आर्द्रता कांहीं दिवस ८० च्या वर राहिली, कीं भिंत, चामडें, लांकूड, पुस्तकांचे पुठ्ठे यांवर ती उगवते आणि तिचे बीजकण हवेंत पसरतात. दुसरा शत्रु डोळ्यांना दिसत नाहीं. गाद्या, उशा व पांघरुणें यांत धुळींतील अतिसूक्ष्म कीटक राहतात. त्यांस पाणी पितां येत नाहीं; हवेंतील बाष्प शोषूनच ते जगतात. त्यामुळें आर्द्रता दीर्घकाळ ५० च्या खालीं राहिली तर ते सुकून मरतात, आणि ती चढली कीं त्यांची भरभराट होते. त्यांची विष्ठा हें दम्याच्या रोग्यांस बाधणारें एक प्रमुख कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांस खोकला, श्वसनाचे विकार व दम्याचा जोर यांचा धोका अधिक असतो, असा तिचा निष्कर्ष आहे. तेव्हां डॉक्टरांचा प्रश्न अनाठायीं नव्हता.

आतां हें पाणी आलें कोठून? आम्हीं हिशेब मांडला आणि थक्क झालों. नातीची खोली १० फूट रुंद, १२ फूट लांब व १० फूट उंच, म्हणजे सुमारें ३४ घनमीटरांची. ३० अंशांवर त्या संपूर्ण खोलींतील हवेंत फार तर एक लिटर पाणी मावतें. आणि आम्ही काय करीत होतों? पावसामुळें अंगणांत कपडे वाळत नाहींत म्हणून त्याच खोलींत दोऱ्या बांधून रोज रात्रीं नऊ माणसांचे धुतलेले कपडे वाळत घालीत होतों! यंत्रांतून पिळून निघालेल्या एवढ्या कपड्यांत दोन लिटर पाणी सहज असतें. जेथें एक लिटर मावावयाचें तेथें आम्ही दोन लिटर ओतीत होतों, आणि वर दार लावून घेत होतों. शिवाय झोंपलेल्या प्रत्येक माणसाच्या श्वासांतून व त्वचेंतून तासास ४०-५० ग्रॅम पाणी हवेंत जातें. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला कीं त्यांतून दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन बाहेर पडतें. उकळत्या भांड्यांची वाफ वेगळीच. ओल केवळ पाऊसच आणतो असें नाहीं. तिचा मोठा भाग आपण स्वतःच घरांत निर्माण करीत असतों.

हा आंकडा ऐकून मातोश्रींचा मात्र विश्वास बसेना. "तीनशें रुपयांचें खेळणें! तें काय खरें बोलणार?" त्यांची शंका वाजवी होती, स्वस्त मापक पुष्कळदां पांचसात अंकांनीं चुकतो. पण तो तपासण्याची युक्ति स्वयंपाकघरांतच आहे. शुद्ध बारीक मीठ एका झांकणांत घ्यावें, त्यावर थेंब-थेंब पाणी घालून तें ओल्या वाळूसारखें करावें (विरघळूं देऊं नये), आणि तें झांकण व मापक अशीं दोन्हीं एका मोठ्या कांचेच्या बरणींत घालून ती घट्ट बंद करावी. आठ-दहा तासांनीं बरणींतील हवेची आर्द्रता बरोबर ७५ वर येऊन स्थिरावते. हा मिठाचा निसर्गधर्मच आहे. मापक ७२ दाखवूं लागला तर तो तीन अंक कमी सांगतो असें समजावें. आमचा मापक सकाळीं ७६ वर उभा होता. हाच धर्म उलटा पाहिला तर असें दिसतें कीं, हवेची आर्द्रता ७५ च्या वर गेली म्हणजे बारीक मीठ पाझरूं लागतें. खडेमिठांत मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळें तें याच्याही पुष्कळ आधीं ओलावतें. मातोश्री हें सर्व ऐकून क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "म्हणजे तुझें यंत्र माझ्या मिठाला विचारून बोलतें म्हण कीं!" त्या वाक्यानें घरांतील अर्धा ताण निवळला.

राहिला खिडकीचा प्रश्न. त्याचें उत्तर दोन्ही पक्षांस थोडें-थोडें अनुकूल निघालें. पावसाळी रात्रीं बाहेरची हवा २५ अंश व शेंकडा ९० आर्द्र असली तरी तिच्या एका घनमीटरांत पाणी असतें सुमारें २१ ग्रॅम. तीच हवा घरांत येऊन २९ अंशांपर्यंत उबदार झाली, कीं तिची सापेक्ष आर्द्रता ७२ च्या आसपास उतरते. म्हणजे बाहेरची हवा 'ओली' असूनही आमच्या बंद खोलीपेक्षां कोरडीच होती. तेव्हां पाऊस उघडतांच समोरासमोरच्या खिडक्या पंधरावीस मिनिटें उघडून घरांतील जड हवा बाहेर घालविणें, ही सूनबाईंची सूचना शास्त्राला धरून होती. परंतु केवळ खिडकी उघडून पावसाळ्यांत ६० चा आंकडा गांठतां येत नाहीं. शिवाय दुपारच्या दमट, उष्ण वेळीं खिडक्या उघड्या टाकल्या तर तळमजल्याच्या गार फरशीला घाम फुटतो. ३० अंशांची व शेंकडा ८० आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या फरशीस लागली कीं तेथें दंव जमतें. म्हणून अशा वेळीं खिडक्या लावणें, ही मातोश्रींची संवयही निराधार नव्हती.

गार पृष्ठभागाची ही गोष्ट ध्यानांत आल्यावर नातीच्या खोलींतील कपाटाकडे आमचें लक्ष गेलें. तें बाहेरच्या, पावसानें भिजणाऱ्या भिंतीस अगदीं चिकटवून ठेवलेलें होतें. खोलीच्या मध्यभागीं आर्द्रता ७५ असतां, चार अंशांनीं गार असलेल्या भिंतीलगत ती ९० च्या वर जाते, कारण तेथें वारा फिरतच नाहीं. कपाट ओढून पाहिलें तों मागें हातभर रुंदीचा काळा-हिरवा पट्टा! मुलीचें अंथरूण त्याच्या शेजारींच असे. त्या वेळीं खोलींत कोणीच कांहीं बोललें नाहीं.

मग आम्हीं ज्या गोष्टी केल्या त्या क्रमानें सांगतों. प्रथम गच्चीवरून झिरपणारें पाणी गवंड्याकडून बंद करविलें. कारण भिंतींत पाणी मुरत असतां बाकीचे सारे उपाय व्यर्थ आहेत. भिंतीवरची बुरशी साबणाच्या पाण्यानें, तोंडाला फडकें बांधून पुसून काढली, आणि पंखा लावून ती जागा कोरडी केली. मुलीची जुनी गादी टाकून दिली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढें ओढलें. कपड्यांच्या दोऱ्या मागच्या पडवींत, छपराखालीं नेल्या. संततधार असेल त्या दिवशीं कपडे न्हाणीघरांत घालून तेथील हवा बाहेर फेंकणारा पंखा चालूं ठेवतों आणि दार लावून घेतों. स्वयंपाकघरांतही तसाच पंखा बसविला व भांड्यांवर झांकण ठेवण्याचा नियम केला. एवढ्यानें आंकडा ८४ वरून ७० वर आला. पुढील दहाबारा अंक उतरविण्यास मात्र यंत्राचें साहाय्य लागलें. घरांत एक वातानुकूलन यंत्र होतेंच. तें रात्रीं २६ अंशांवर, कोरडी हवा करण्याच्या कळीवर लावूं लागलों, आणि आंकडा ५८ वर स्थिरावला.

अनेकांस हें यंत्र केवळ गारव्यासाठीं असतें असें वाटतें; पण त्याचा जन्मच मुळीं आर्द्रतेच्या निग्रहासाठीं झाला. १९०२ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगून एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानें तें योजिलें. आंतील गार नळ्यांवर हवेंतील बाष्प जमतें व थेंबाथेंबानें बाहेर जातें. मात्र १८ अंशांपर्यंत खोली गोठविण्यांत शहाणपण नाहीं; तितक्या गार भिंतींच्या पलीकडच्या बाजूस ओल धरते व अंगही आंखडतें. ज्यांस गारवा नको त्यांना केवळ बाष्प शोषणारीं यंत्रेंही मिळतात; तीं खोली किंचित् उबदार करतात, आणि त्यांतील पाण्याचें भांडें रोज ओतून टाकावें लागतें.

येथें एका जुन्या उपायाविषयीं इशारा देणें अवश्य आहे. कोंकणांत पूर्वीं शेगडीवर टोपली उपडी घालून तान्ह्या मुलांचे कपडे वाळवीत, आणि बाळंतिणीच्या खोलींत रात्रंदिवस निखारे ठेवीत. उबेनें सापेक्ष आर्द्रता उतरते हें खरें. पण बंद खोलींत कोळसा जळला तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा, रंग नसलेला व वास नसलेला विषारी वायु सांठतो, आणि झोंपलेल्या माणसास तो जागेंही करीत नाहीं. शेगडी बंद खोलींत कधींही ठेवूं नये.

पुतण्या हें समजावून देत असतां मातोश्री एकाएकीं गप्प झाल्या. सायंकाळीं तुळशीपाशीं दिवा लावून आल्यावर त्यांनीं मला हांक मारली आणि जें कधीं सांगितलें नव्हतें तें सांगितलें. माझ्या आधीं त्यांना एक मुलगा झाला होता. पासष्ट वर्षांपूर्वींचा श्रावण, कोंकणांतील आजोळची बाळंतिणीची खोली, कोपऱ्यांत शेगडी, आणि सर्व दारें-खिडक्या बंद. दहाव्या दिवशीं मूल गेलें. सर्वांनीं म्हटलें, वारा लागला; खिडकीची फट राहिली होती. तेव्हांपासून पावसाळ्यांत उघडी खिडकी दिसली कीं त्यांचा हात आपोआप तिकडे जाई. तें मूल कशानें गेलें हें आज कोणीही सांगूं शकणार नाहीं, आणि मीं तसा प्रयत्नही केला नाहीं. मी एवढेंच म्हणालों, "आई, तुझी कांहीं चूक नव्हती." त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं सूनबाईंस बोलावून सांगितलें, "माझ्या दर्शनी खोलीला दोन बाजूंनीं वारा आहे नि ऊनही येतें. पोरीला तिथें निजव. मला मागची खोली पुष्कळ झाली." सूनबाईंनीं नको-नको म्हटलें, पण त्यांचें कांहीं चाललें नाहीं.

आतांपर्यंत ओलीविषयीं लिहिलें. पण आपल्या लोकांची वस्ती केवळ समुद्रकांठीं नाहीं. माझी भगिनी नागपुरास असते, आणि तिची तक्रार अगदीं उलट आहे. वैशाखांतल्या दुपारीं तिकडे आर्द्रता २५ च्याही खालीं जाते. ओंठ फुटतात, घसा सुकतो, मुलांच्या नाकांतून रक्त येतें, लांकडी दारें आकसतात. अशा हवेंत वाळ्याचे ओले पडदे आणि आजचे कूलर हे उत्तम होत. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, त्यामुळें हवा गारही होते व ओलावतेही. मात्र कूलर लावून खोली बंद केली तर थोड्याच वेळांत ती दमट होते. समोरची खिडकी उघडी हवीच. मृगाचा पाऊस पडला कीं कूलरचें काम संपलें असें समजावें. आणि त्याची टांकी दर आठवड्यास पूर्ण रिकामी करून घांसावी, नाहींतर डेंग्यूचे डांस तेथेंच वाढतात.

परदेशीं असलेल्या मुलांमुलींचीही हीच अडचण असते. शून्य अंशाची बाहेरची हवा पूर्ण आर्द्र असली तरी तिच्यांत घनमीटरास जेमतेम ५ ग्रॅम पाणी असतें. ती घरांत २१ अंशांपर्यंत तापविली कीं आर्द्रता २५ च्या आसपास येते. तेथें बाष्प सोडणारीं यंत्रें वापरतात. त्यांतील पाणी रोज बदलावें, भांडें धुऊन कोरडें करावें, आणि पाण्यांत कोणतेंही औषध वा जंतुनाशक घालूं नये. दक्षिण कोरियांत अशा यंत्रांच्या पाण्यांत घालण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या जंतुनाशकामुळें अनेकांचीं फुप्फुसें निकामी होऊन मृत्यु आले. ही गोष्ट २०११ सालीं उघडकीस आली. श्वासावाटे जें आंत जातें त्याविषयीं जेवणाच्या पाण्याइतकीच काळजी घेतली पाहिजे.

ज्यांस मापक घ्यावयाचा नसेल त्यांनीं दोन साधे उष्णतामापक शेजारीं टांगावे व एकाच्या टोंकास मलमलीची ओली पट्टी गुंडाळून दोहोंवर पंख्याचा वारा सोडावा. ३० अंशांच्या खोलींत दोहोंत ३ अंशांचें अंतर पडलें तर आर्द्रता सुमारें ७९. ७ अंशांचें पडलें तर सुमारें ५५. आणि एवढेंही नको असेल तर आश्विनाचें ऊन पडतांच पेट्या, गाद्या, पोथ्या यांना ऊन दाखविण्याची आपली जुनी चाल तरी सोडूं नये.

आमच्या नातीचा दमा गेला असें मी म्हणणार नाहीं. तिचें औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें चालूंच आहे, आणि तें आपल्या मनानें बंद करूं नये असें मी प्रत्येकास बजावीन. परंतु श्रावणांत पूर्वीं आठवड्यांतून चार रात्री जागरणाच्या जात, तेथें गेल्या श्रावणांत सबंध महिन्यांत दोनच गेल्या. मापक आतां देवघराशेजारच्या कोनाड्यांत असतो. रोज सकाळीं पूजा झाली कीं मातोश्री चष्मा लावून त्याचा आंकडा पाहतात, नंतर मिठाची बरणी हलवून पाहतात, आणि दोन्हींची साक्ष जुळली म्हणजे स्वतःच सांगतात, "सूनबाई, पाऊस उघडलाय, जरा खिडकी उघड पाहूं."